शेजाऱ्याची गाडी आणि मोबाइलवरचा मत्सर

प्रश्न : ओळखीतल्या कोणी गाडी घेतली की स्टेटसवर फोटो झळकतो आणि मन खट्टू होते. असे का? (वाचक, हिंगणा)

उत्तर : मत्सर वाटतो तो बरोबरीच्या माणसाचा. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांतानुसार माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशी ताडून पाहतो. म्हणून अंबानींच्या बंगल्यापेक्षा चुलतभावाची गाडी जास्त टोचते. हिंगण्यात अशा तुलनेला वाव भरपूर. एमआयडीसीतला कामगार, कापूस पिकवणारा शेतकरी आणि जमीन विकून हाती पैसा आलेले कुटुंब शेजारीशेजारी राहतात.

दिखाव्याची हौस जुनीच आहे. पण वरात दोन-तीन तासांत आटोपते. व्हॉट्सअॅप स्टेटस 24 तास राहते आणि कोणी कोणी पाहिले हेही टाकणाऱ्याला सहसा कळते. खरी चटक त्या यादीची! शिवाय झेंडूचा हार घातलेली गाडी, हातातली किल्ली, पेढ्यांचा बॉक्स एवढेच फोटोत येते. दरमहाचा हप्ता येत नाही.

यावर उतारा मोबाइलमध्येच आहे. इन्स्टाग्रामने 2021 मध्ये लाइकची संख्या लपवण्याची सोय दिली. व्हॉट्सअॅपवर नको असलेले स्टेटसही म्यूट करता येते, आणि समोरच्याला ते कळत नाही.