नाताळ नकोसा वाटतो, हा आजार नव्हे

डिसेंबर लागला की वसईतल्या ख्रिस्ती घराघरांत कामांची रीघ लागते. घराला रंग, नवे पडदे, दारात चांदणी, अंगणात येशूजन्माचा गोठा, पाहुण्यांची ऊठबस आणि फराळ. लहानपणी या सगळ्याची हौस असते, कारण राबणारं दुसरं कुणी असतं. चाळिशीत तेच काम आपल्या अंगावर येतं. फराळातला एक कुलकुल हाच पदार्थ घ्या. मैद्याची सुपारीएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून वळायची, आणि अशा शेकडो वळायच्या. मान धरते, अंगठा ठणकतो. त्यात अपुरी झोप आणि खर्चाची ओढाताण. अशा वेळी ‘यंदा नाताळ नकोच’ वाटलं, तर त्यात पाप नाही आणि रोगही नाही.

मात्र तीन गोष्टी जरूर तपासा.

पहिली, ही नावड सणापुरतीच आहे का? जेवण, माणसं, रोजचं काम, सारंच दोन आठवडे नकोसं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. जगणंच नको वाटू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

दुसरी, घरातलं कुणी नुकतंच गेलं आहे का? मग यंदा सण साधाच होऊ द्या. पाहुण्यांसमोर उसनं हसू आणायची सक्ती स्वतःवर करू नका.

तिसरी गोष्ट छातीची. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा २४ डिसेंबरला हृदयविकाराचे झटके एरवीपेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त आढळले, त्यातही रात्री दहाच्या सुमारास. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या सणाच्या गडबडीत चुकवू नका. एका बैठकीत भरपूर दारू प्यायल्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. छाती दडपली, घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत पाहुणे जायची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

बाकी उपाय घरातच आहेत. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी सगळे एकत्र बसा आणि यंदा काय करायचं, काय सोडायचं ते ठरवा. फराळाचे दोन पदार्थ घरी, उरलेले विकत. कामं नावानिशी वाटा, पुरुषांनाही कुलकुल वळता येतात. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणार असाल, तर दुपारी तासभर आडवे व्हा. मिस्सा, घरच्यांसोबतचं जेवण, जे मनापासून आवडतं तेवढं ठेवा.

आणि घरातल्यांनो, ‘मला यंदा नको वाटतंय’ असं कुणी म्हटलं, तर सणाला नाट लावला म्हणू नका. आधी त्या व्यक्तीच्या हातातलं काम आपल्या हाती घ्या.