एका उडीनें नव्हे, हप्त्याहप्त्यानें
जुगार सोडणाऱ्यानें कर्ज कसें फेडावें याविषयीं एक धडा

वाचकहो, महाभारतांतील द्यूताची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यांतील एका गोष्टीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. धर्मराज पहिल्या खेळांत राज्य, धन, भाऊ, स्वतः आणि शेवटीं पत्नी इतकें सर्व हरला. पुढें धृतराष्ट्रानें द्रौपदीस वर दिले, पांडव दास्यांतून सुटले, आणि गेलेलें राज्य व धनहि त्यांस परत मिळालें. एका घटकेंत सारें कर्ज फिटल्यासारखें झालें. मग काय झालें? घरीं जाण्यास निघालेल्या धर्मराजास पुन्हां बोलावणें आलें, तो पुन्हां फांसे टाकावयास बसला, आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पदरीं पडला. देणें एका झटक्यांत मिटलें म्हणून खेळण्याची इच्छा मिटत नाहीं, हें त्या दुसऱ्या खेळावरून दिसतें.

आज आपल्या गांवांतून मटका, पत्ते आणि मोबाइलवरील पैशांचे खेळ यांनीं बुडालेलीं कितीएक घरें आहेत. त्यांतील कोणी शुद्धीवर येऊन आपल्या दारीं आला, तर त्यास कोणती वाट दाखवावी, हें या धड्यांत पाहावयाचें आहे.

१. व्यसन आणि कर्ज यांची गांठ

जुगाराचें व्यसन हा केवळ स्वभावाचा दोष नव्हे. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें १९८० सालीं त्यास रोगांच्या यादींत घातलें, आणि २०१३ सालीं दारू व अफू यांच्या व्यसनांच्या वर्गांत त्याची गणना केली. या रोगाचें एक मुख्य लक्षण असें कीं, रोगी बुडालेला पैसा खेळूनच परत काढण्यासाठीं धडपडतो. प्रथम तो हौसेनें खेळतो, मग जिंकण्यासाठीं खेळतो, आणि शेवटीं केवळ कर्ज फेडण्यासाठीं खेळतो. बुडत्याचा पाय खोलांत म्हणतात तो असा.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. "सारें कर्ज एकदम फिटावें" ही इच्छा वरून प्रामाणिक दिसते. परंतु तीच जुगाराची मुळी आहे. झाड तोडलें तरी ही मुळी जमिनींत राहते, आणि पहिल्या पावसांत पुन्हां फुटते. म्हणून आम्ही म्हणतों कीं, सावकाश फेडणें हें नुसतें कर्जावरचें औषध नव्हे, तें व्यसनावरचेंहि औषध आहे.

२. मदत करणाऱ्याची चूक

असा मनुष्य घरीं आला म्हणजे दयाळू नातलग पहिल्याच दिवशीं काय करितात? कोणी दागिना मोडतो, कोणी बैल विकतो, कोणी स्वतःच्या नांवावर पतसंस्थेचें कर्ज काढून सावकाराच्या हातावर ठेवितो. हेतु चांगला, पण परिणाम वाईट. रोग्याच्या मानेवरचें ओझें उतरतें, आणि आपण बुडालों तरी कोणीतरी काढील, असें तो मनांत धरून ठेवितो.

अमेरिकेंत १९५७ सालीं लॉस एंजेलिस शहरीं जुगार सोडूं पाहणाऱ्यांनीं परस्परांच्या साह्यासाठीं एक संघ स्थापिला. गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस हें त्याचें नांव असून पुढें तो अनेक देशांत पसरला. त्या संघांत जुने सभासद नव्या मनुष्यास पैसे उसने देत नाहींत. ते त्यास व त्याच्या पत्नीस समोर बसवितात, सर्व देणीं लिहून घेतात, घरखर्च ठरवितात, आणि उरलेल्या पैशांतून प्रत्येक धनकोस थोडें थोडें देण्याचा क्रम बांधून देतात. इंग्लंडांतहि धर्मादाय संस्था कर्जबाजारी मनुष्यासाठीं अशीच योजना विनामूल्य करून देतात; तिला तेथें डेट मॅनेजमेंट प्लॅन म्हणतात. ती कोर्टाची आज्ञा नसते, व धनको ती नाकारूंहि शकतो. तथापि ऋणको खरें सांगत आहे व नेमानें देत आहे असें दिसलें म्हणजे पुष्कळ धनको ती मानतात.

असली योजना करावयास फार मोठी विद्या लागत नाहीं. एक वही, एक पेन्सिल, दोन विश्वासू माणसें आणि पुष्कळ धीर इतकें पुरे.

३. वही कशी मांडावी

समजा, एका गृहस्थाची महिन्याची मिळकत १८,००० रुपये आहे. त्यास पतसंस्थेचें ६०,००० रुपये देणें आहे, सावकाराचें ४०,०००, मेहुण्याचें ३०,०००, मोबाइलवरून घेतलेलें कर्ज २५,००० आणि वाण्याचें ५,०००. एकूण १,६०,००० रुपये. हे आंकडे कल्पित आहेत, पण अशीं घरें आपण पाहिलीं आहेत.

प्रथम घरखर्च मांडावा, कर्ज नव्हे. धान्य व भाजीपाला ६,५००, मुलांची शाळा १,५००, औषधपाणी ९००, वीज व गॅस १,८००, जाण्यायेण्याचा खर्च १,५००, आणि अडीअडचणीसाठीं बाजूस १,०००, मिळून १३,२००. जी योजना मुलांच्या ताटांतलें काढून धनकोस देते ती दोन महिन्यांत मोडते, आणि मोडली म्हणजे मनुष्य पुन्हां नशिबाकडे पाहूं लागतो.

उरले ४,८०० रुपये. एकूण कर्जाच्या शेंकडा तीन इतकी ही रक्कम झाली. म्हणून ज्याचें जितकें देणें, त्याच्या शेंकडा तीनप्रमाणें त्यास दरमहा द्यावें. पतसंस्थेस १,८००, सावकारास १,२००, मेहुण्यास ९००, मोबाइलच्या कर्जास ७५० आणि वाण्यास १५०. जो मोठ्यानें ओरडतो त्यास सर्व आणि जो गप्प बसतो त्यास कांहीं नाहीं, असा अन्याय यांत होत नाहीं. व्याज थांबलें तर ३४ महिन्यांत कर्ज फिटेल. व्याज चालूं राहिलें तर अधिक काळ लागेल. घर किंवा जमीन गहाण असेल तर त्या कर्जाचा हप्ता मात्र आधीं सांभाळावा.

आतां या वहींतील सर्वांत कठीण काम सांगतों. तें गणित नव्हे. तें म्हणजे एकहि देणें न लपविणें. समजा, आमच्या या गृहस्थानें लाजेस्तव मेहुण्याचे ३०,००० सांगितलेच नाहींत. वही सुंदर मांडली गेली, सर्वांस समाधान वाटलें. चार महिन्यांनीं लग्नकार्यांत मेहुणा कानाशीं लागून म्हणाला, "दाजी, निदान पांच हजार तरी उद्यांपर्यंत द्या." वहींत त्यासाठीं पैसा नाहीं, पत्नीस सांगण्याची सोय नाहीं, आणि रात्र तेवढी हातीं आहे. अशा रात्रीं मनुष्य कोठें जातो हें आम्हीं सांगावयास नको. जें कर्ज वहींत नाहीं तें जुगारानेंच फेडण्याचा मोह पडतो. म्हणून मदतनिसानें पहिल्या बैठकीनंतर आठ दिवसांनीं पुन्हां बसावें, आणि न रागावतां विचारावें, "कांहीं राहिलें काय?" बहुधा कांहीं राहिलेलें असतें.

४. धनकोंशीं बोलणें

वही तयार झाल्यावर प्रत्येक धनकोकडे जावें, परंतु एकट्यानें जाऊं नये. बँक व पतसंस्था यांस लेखी अर्ज द्यावा, मिळकत व खर्च यांचा तपशील जोडावा, आणि हप्ते लहान करून मुदत वाढवून मागावी. मान्य करणें त्यांच्या हातीं आहे; पण हप्ता थकण्याच्या आधीं गेलेल्या मनुष्याचें म्हणणें लवकर ऐकलें जातें. अर्जाची पोंच अवश्य घ्यावी. बँका चालवीत असलेल्या वित्तीय साक्षरता केंद्रांत याविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो. उलट, "आधीं आमची फी भरा, तुमचें कर्ज आम्ही अर्ध्यावर आणूं" असें सांगणाऱ्यांपासून दूर राहावें.

सावकाराची गोष्ट निराळी. दरमहा शेंकडा पांच व्याज लावलें तर ४०,००० रुपयांवर महिन्यास २,००० होतात. आमच्या गृहस्थाचे १,२०० त्यांत बुडून जातील, आणि मुद्दल तसेंच राहील. महाराष्ट्रांत सावकारीवर २०१४ सालचा कायदा लागू आहे. त्याखालीं त्याच वर्षीं ठरविलेल्या दरांप्रमाणें परवानाधारक सावकारानें शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर सालिना शेंकडा १२ आणि इतरांकडून १८ यांहून अधिक घेऊं नये. शेंकडा १२ दरानें महिन्याचें व्याज सुमारें ४०० होतें, म्हणजे ८०० रुपये मुद्दलांत जातात. परवान्याशिवाय सावकारी करणें हा गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करावी. सावकारीच्या व्यवहारांत गेलेली जमीन परत मिळण्यासाठींहि त्या कायद्यांत तरतूद आहे. वकिलाचें साह्य हवें असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावें. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक व अल्प मिळकतीचे लोक यांस तें फुकट मिळतें.

मोबाइलवर कर्ज देणाऱ्यांविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं नियम केले. कर्जदाराच्या फोनमधील नातलगांचीं नांवें व चित्रें यांस त्यांनीं हात लावूं नये, आणि वसुलीसाठीं सकाळीं आठच्या आधीं किंवा सायंकाळीं सातनंतर फोन करूं नये. कोणी धमकी देऊं लागला तर पोलिसांत जावें, किंवा सायबर गुन्ह्यांसाठीं असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवावें.

मटक्याच्या एजंटाची बाकी राहिली असेल तर तीहि वहींत लिहावी, कारण लपवावयाचें कांहींच नाहीं. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाप्रमाणें पैजेंत जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करतां येत नाहीं. तिच्यासाठीं पतसंस्थेचा हप्ता चुकवूं नये, आणि एजंट दांडगाई करील तर पोलिसांस कळवावें. मात्र यावरून कोणी असें समजूं नये कीं, जुगारांत गेलेलें सर्वच कर्ज माफ आहे. बँकेचें, मेहुण्याचें व वाण्याचें देणें हें देणेंच आहे.

५. पैसा कोणाच्या हातीं असावा

व्यसन सोडल्यापासून पहिलीं एकदोन वर्षें तरी घरचा पैसा दुसऱ्याच्या हातीं असावा. पगार किंवा दुधाचा पैसा पत्नीच्या किंवा आईच्या खात्यांत जावा. मोबाइलमधून पैसे देण्याची सोय बंद करावी, खेळांचे ॲप काढून टाकावे, आणि रोजच्या खर्चापुरती रोकड मागून घ्यावी. यांत अपमान वाटतो हें खरें. परंतु पाय मोडलेला मनुष्य काठी घेतो तेव्हां त्यास कोणी हंसत नाहीं. संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. तथापि कायदा दुकान बंद करितो, मनांतील तहान बंद करीत नाहीं. बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत मोबाइल व ऑनलाइन खेळांच्या व्यसनावर उपचार होतात, आणि टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठींतहि विनामूल्य सल्ला मिळतो.

आणखी एक गोष्ट मन घट्ट करून सांगतों. जुगाराचें कर्ज उघडकीस येतें तो दिवस त्या मनुष्यास सर्वांत धोक्याचा असतो. लाज व भय यांनीं तो जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार करितो. अशा वेळीं त्यास एकटें सोडूं नये, घरांतील फवारणीचीं औषधें दुसऱ्याच्या घरीं कुलपांत ठेवावीं, आणि "तुझ्या मनांत मरणाचा विचार येतो काय?" असें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार वाढत नाहीं; उलट बोलावयास वाट मिळते. हिशेब दुसऱ्या दिवशींहि होईल. त्या दिवशीं माणूस राखावा.

६. घसरला तर

पुष्कळ जण एकदोनदां घसरतात. तसें झालें तर वही फाडूं नये. त्याच दिवशीं सांगावें, किती गेले तें लिहावें, आणि पुढचा हप्ता ठरल्या तारखेस द्यावा. शंभर रुपये हरल्याचें जो संध्याकाळीं घरीं सांगतो, तो दहा हजार हरण्याच्या मार्गावरून परत फिरला आहे असें समजावें.

वाण्याचे १५० रुपये दर महिन्यास नेऊन देणारा मनुष्य लोकांस क्षुल्लक वाटेल. परंतु जो कालपर्यंत एका रात्रींत लखपति होऊं पाहत होता, तो आज दीडशें रुपये मोजून देतो व पुढच्या महिन्याची वाट पाहतो, हा पालट थोडा नव्हे. चौतिसाव्या महिन्यांत वहीवर शेवटची रेघ ओढली जाईल तेव्हां कर्ज तर फिटलेलें असेलच. शिवाय धीर धरावयास तो चौतीस वेळां शिकलेला असेल.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. धर्मराजास सर्व परत मिळाल्यावरहि तो पुन्हां कां खेळला असावा? आपल्या गांवांत असें घडलेलें आपण पाहिलें आहे काय?

२. एखाद्याचें सारें कर्ज आपण एकदम फेडलें तर त्याचें हित होतें कीं अहित?

३. घरखर्च आधीं आणि कर्ज मागाहून असें कां मांडावें?

४. आपल्या तालुक्यांत सहायक निबंधकाची कचेरी व विधी सेवा समिती कोठें आहे? पुढल्या बैठकीच्या आधीं प्रत्येकानें शोधून यावें.

५. लाजेनें देणें लपविणाऱ्यास आपण कोणत्या शब्दांनीं धीर द्यावा?