धरणातला दम समुद्रात धरू नका

आमची माकणी निम्न तेरणा धरणाच्या काठची. बुडी मारून कोण जास्त वेळ दम धरतो, याच्या पैजा लावतच इथली पोरं मोठी होतात. त्यामुळे मालवणला स्कूबा करायला निघालेल्या आमच्याकडच्या मंडळींना पाण्याची धास्ती नसते. माझं सांगणं त्यांनाच आहे.

सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या आसपास नवख्यांना उथळ पाण्यात उतरवतात. प्रवाळ आणि रंगीत मासे पाहून डोळ्यांचं पारणं फिटतं. पण आमच्या बोटीवर तब्येतीची चौकशी कुणीच केली नाही. सोबतच्या मित्राला सर्दी होती. थोडं खाली जाताच तो कानाकडे बोट दाखवू लागला. वर आणलं तेव्हा मास्कच्या काचेला आतून नाकातलं रक्त लागलं होतं. डॉक्टरांनी कानाचा पडदा सुजल्याचं सांगितलं आणि बरेच दिवस पाण्यात उतरायला मनाई केली.

10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. म्हणून उतरताना, कान दुखायच्या आधीच, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. सर्दीत नाकातून कानाकडे जाणारी हवेची वाट बंद असते. तेव्हा जोर लावू नका, उतरूच नका. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काहीही लपवू नका. कुणी विचारलं नाही, तर आपणहून सांगा.

दुसरी गोष्ट दमाची. सिलिंडरमधून घेतलेली हवा वर येताना फुफ्फुसात फुगते. दम धरला तर काही मीटरवरूनही फुफ्फुस फाटू शकतं. श्वास सतत चालू ठेवा आणि सावकाश वर या. खुणाही नीट शिकून घ्या: पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’.

तिसरी गोष्ट परतीची. बुडीनंतर शरीरात जादा नायट्रोजन विरघळलेला असतो आणि उंचीवर दाब घटला की तो त्रास देऊ शकतो. म्हणून विमानात बसण्याआधी एका बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास थांबतात. उथळ बुडीत धोका कमी असला, तरी परतीच्या वाटेवरचा आंबोलीचा घाट 600 मीटरच्या वर जातो आणि आपलं गावही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. सकाळी बुडी आणि दुपारी घाट, असा बेत आखू नका. रात्र मालवणातच काढा.

बोटीवर लाइफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावर ठेवा. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. गर्दीची बोट दिसली तर पुढची घ्या. पैसे भरलेत म्हणून उतरायलाच हवं, असं नाही. मन कचरलं, कान दुखला, तर हात वर करून ‘नको’ म्हणा आणि बरोबरच्यालाही तसं म्हणू द्या.