मासळीच्या नावावर खपवलेला वास

आधीच सांगते, आमच्याकडे मासे होतात. बुधवार, शुक्रवार, रविवार. मालवणच्या माणसाने पुण्यात येऊन ते सोडावेत असं कुठे लिहिलेलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये जी घाण सुटली होती, तिचा आणि आमच्या बांगड्यांचा काडीचाही संबंध नव्हता. सोसायटीत हे कोणी तोंडाने कबूल केलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

वास कुजक्या अंड्यांचा होता. ज्याने आयुष्यात एकदा तरी मासे चिरलेत त्याला हा फरक डोळे मिटून कळेल. शिळ्या मासळीचा वास उग्र, खारट, किंचित अमोनियासारखा. हा गटाराचा होता. पण ज्यांनी कधी मासळीच्या दुकानाची पायरी चढली नाही, त्यांनाच मासळीच्या वासाची खात्री असते. समोरच्या काकू दार उघडताना नाकाला पदर लावायच्या, तोही आम्ही बघतोय याची खात्री करून. सेक्रेटरींनी एकदा बेल वाजवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “वहिनी, जरा धूप वगैरे लावत जा की.” मग मीटिंगच्या नोटिशीत तो विषय आला. आमचं नाव नव्हतं. नाव लिहायची गरजच नव्हती; मजल्यावर दारं तीन, एक काकूंचं, एक कुलूपबंद, उरलं कोणतं?

मी स्वयंपाकघरातून मासळी पूर्ण बंद केली. मुलगा ताटाकडे बघून उसासे टाकायचा. मे महिना चढत गेला तसा पॅसेजमधला वास वाढतच गेला. आता, मासे नाहीत आणि वास वाढतोय, यातून कोणत्याही शाळकरी पोराने निष्कर्ष काढला असता. सेक्रेटरींनी काढला तो असा: “भिंतीत मुरला असेल हो, वहिनी.” भिंतीत! हे वाक्य मी विसरणार नाही.

शेवटी आमच्या बेसिनचा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला. म्हातारा माणूस, फार न बोलणारा. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं आणि तिथेच थबकला. “ताई, ट्रॅप सुकलाय कुठला तरी.” आमच्या दोन्ही बाथरूममध्ये जाऊन त्याने नहाणीची जाळी उचलली, बॅटरी मारली. आत पाणी होतं. मग बाहेर आला, कुलूपबंद दारापाशी उकिडवा बसला आणि खालच्या फटीला नाक लावलं. लगेच मागे सरकला. “इथं कोण राहतं?” म्हटलं, कोणी नाही, मुलाकडे परदेशी गेलेत, दिवाळीपासून. “किल्ली?”

किल्ली सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये होती. दिवाळीपासून.

त्याने मला सांगितलं ते सोपं आहे आणि प्रत्येक घरात माहीत असायला हवं. नहाणीच्या जाळीखाली, बेसिनखाली, सिंकखाली, कमोडमध्ये पाइपाला वळण दिलेलं असतं, तोच ट्रॅप. त्या वळणात साधारण दोन इंच पाणी कायम अडून राहतं आणि तेच गटारातल्या वायूला घरात यायला अडवतं. वापर असला तर ते पाणी रोज बदलतं. वापर थांबला की हळूहळू वाफ होऊन उडतं, आणि पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तर झपाट्याने. पाणी गेलं की ड्रेनेजची पाइप सरळ तुमच्या घरात उघडते. कुजक्या अंड्यांचा तो वास असतो हायड्रोजन सल्फाइडचा.

दार उघडलं तेव्हा सेक्रेटरींनी स्वतः रुमाल नाकाला लावला. मी लावला नाही, मुद्दाम. प्लंबरने प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतलं, फ्लश केले, खिडक्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत पॅसेज स्वच्छ. सेक्रेटरी म्हणाले, “चला, मिटला प्रश्न.” एवढंच. पुढच्या मीटिंगमध्ये मी इतिवृत्तात दुरुस्ती मागितली, तर उत्तर आलं, “आता कशाला वाढवायचं?” वाढवलं कोणी होतं?

असो. शिकलेलं सांगते.

बाहेरच्या बाथरूमची नहाणी, बाल्कनीतली जाळी, वॉशिंग मशीनजवळचं न वापरलेलं होल, यांत पंधरवड्यातून एकदा तांब्या-दोन तांबे पाणी ओता. गावी किंवा परदेशी जाणार असाल तर निघताना पाण्यावर दोन चमचे गोडं तेल सोडा. तेलाचा तवंग राहतो आणि खालचं पाणी लवकर उडत नाही. पाणी ओतूनही वास येत राहिला तर ट्रॅपला चीर आहे किंवा मूळ बसवतानाच ट्रॅप लावलेला नाही. बाथरूम नव्याने केलेल्या घरांत हे सर्रास दिसतं, असं आमचा प्लंबर सांगतो.

वास आला की लगेच काडी ओढून उदबत्ती लावायची सवय सोडा. मी तर धूप लावायचा सल्ला ऐकून घेतलेली बाई आहे, म्हणून जास्त ठासून सांगते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन मिसळतात, आणि तोही वास कुजकाच असतो. ओळखू न येणारा कुजका वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही. देवाला काय लावायचं ते नंतर.

आता मासळी, कारण त्या निमित्ताने मला उपदेश करणाऱ्यांपेक्षा मला त्यातलं जास्त कळतं. मासळीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते अल्कधर्मी असतं, म्हणून आंबट लावलं की मरतं. लिंबू, कोकमाचं आगळ, चिंच. आमच्या आजीने रसायनशास्त्र न शिकता तेच केलं. विळी, पाट, हात, सिंक, सगळं चिंचेच्या कोळाने आधी घासा, साबण नंतर. मासे धुतलेलं पाणी सिंकमध्ये नको, झाडांच्या मुळाशी घाला. खवले-डोकी डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी कचरा नेणारी बाई आली की तेव्हाच बाहेर काढा. तळण्याचा खरा वास तेलाच्या बारीक शिंतोड्यांतून पडद्यांवर बसतो, तेव्हा तवा ठेवायच्या आधी एक्झॉस्ट लावा, नंतरही पंधरा मिनिटं चालू राहू द्या.

बाकी नेहमीचंच. ओट्याचं फडकं रोज धुऊन उन्हात. ते ओलं गोळा करून सिंकवर टाकणाऱ्या घरात कितीही सुगंधी फवारे मारा, उपयोग नाही. पोछा डोकं वर करून सुकवा. वॉशिंग मशीनचं दार उघडं ठेवा, रबराच्या घडीतला काळा चिकटा पुसा. फ्रीजच्या मागे खाली पाण्याचा ट्रे असतो, तो आयुष्यात एकदा तरी बघा. पावसाळ्यात कपड्यांना जो कुबट वास येतो तो ओलसरपणात वाढणाऱ्या जिवाणूंचा. दोनदा पिळून, एकमेकांपासून दूर, पंख्याखाली वाळत घाला. कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवा. कपड्यांत डांबराच्या गोळ्या घालू नका, लहान मूल असलेल्या घरात तर मुळीच नाही. काही बाळांच्या रक्तावर त्याचा गंभीर परिणाम होतो. वेखंड किंवा वाळलेला कडुनिंब पुरतो. आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो. कामाच्या मावशींनाही हे समजावून सांगा, नुसतं ओरडू नका.

स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, हे खरं आहे. नाक काही मिनिटांतच सरावतं. बाहेरून आल्यावर दारात उभं राहून पहिला श्वास घ्या, तोच खरा. आमच्या त्या काकूंनाही हे एकदा करून बघायला हरकत नाही. त्यांच्या चपलांच्या कपाटाबद्दल मी आजवर कोणाला काही बोललेले नाही.

आणि पॅसेजमध्ये वास आला तर पहिला प्रश्न ‘कोणाकडे काय शिजतंय’ हा नाही. कुठला फ्लॅट बंद आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारा. किल्ली कमिटीकडे असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.