कर्णे दहा चालतात, मग स्पीकर चार का नाहीत?

प्रश्न : घरच्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला दोन स्पीकर आहेत. स्वयंपाकघरासाठी त्याच टर्मिनलना आणखी दोन जोडले, तर अर्ध्या तासात ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. सप्ताहात मात्र एकाच ॲम्प्लिफायरवर दहा कर्णे दिवसभर वाजतात. असे का? (एक वाचक, वडूज)

उत्तर : तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. फरक आहे तो जोडणीत.

स्पीकरच्या पाठीवर ‘४ ओहम’ किंवा ‘८ ओहम’ लिहिलेले असते. हा त्याचा विजेला होणारा विरोध. एकाच टर्मिनलला दोन स्पीकर लावले की विजेला दोन वाटा मिळतात आणि विरोध निम्मा होतो. स्पीकर वाढले म्हणजे ओहमही वाढले, असे बऱ्याच जणांना वाटते. घडते नेमके उलटे. ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देत असेल, तर ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर घेतो. ४ ओहमचे दोन जोडले की उरतात २ ओहम, आणि तेच व्होल्ट १० अँपिअर मागतात. आतले ट्रान्झिस्टर तापतात ते त्यामुळे. तुमचा ॲम्प्लिफायर आपणहून बंद होतो, म्हणजे त्यात संरक्षण आहे. ते नसते, तर ट्रान्झिस्टर जळाले असते.

स्पीकरवरच्या वॅटला घाबरू नका. तो स्पीकर किती सोसू शकतो, एवढेच तो आकडा सांगतो. ८ ओहमचा स्पीकर २० वॅटचा असो की १०० वॅटचा, ॲम्प्लिफायरवर भार सारखाच.

आता कर्ण्यांकडे वळू. तिथे ॲम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या लाइनवर काम चालते आणि प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. १० वॅटवर लावलेला कर्णा त्या लाइनला तब्बल १००० ओहमचा दिसतो. असे दहा जोडले, तरी १०० ओहम उरतात. स्पीकरवाला म्हणूनच ओहमचा हिशेब न करता फक्त वॅटची बेरीज करतो. व्होल्ट जास्त आणि अँपिअर कमी, त्यामुळे देवळापासून वेशीपर्यंत साधी वायर ओढली तरी भागते. घरचा स्पीकर मात्र या लाइनला थेट लावू नका; जळेल.

तुमच्यासाठी उपाय असा. ॲम्प्लिफायरच्या मागची पाटी वाचा. ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही जोड्या एकदम चालवायच्या असतील, तर बहुतेक ठिकाणी ८ ओहमचेच स्पीकर सांगितलेले असतात. तुमचे ४ ओहमचे असतील, तर एका वेळी एकच जोडी वाजवा, किंवा स्वयंपाकघराला वेगळा छोटा ॲम्प्लिफायर घ्या. दोन स्पीकर एकामागे एक जोडले, तर ओहमची बेरीज होते आणि धोका टळतो. पण आवाज उतरतो, आणि स्पीकर वेगवेगळे असतील तर सूरही बिघडतो. मला ती जोडणी गाण्यासाठी पटत नाही.

मल्टिमीटर लावलात, तर ८ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवेल. तो दोष नव्हे. लक्ष ठेवायचे ते वायरच्या टोकावर : सोललेल्या तारांना पीळ द्या. त्यातली एक बारीक तार जरी शेजारच्या टर्मिनलला टेकली, तरी शॉर्ट होते.