फॉर्मिक आम्ल : प्रयोगशाळेतील दक्षता

केरळमध्ये रबराचा चीक गोठविण्यासाठी विरल फॉर्मिक आम्ल वापरले जाते. प्रयोगशाळेतील संहत आम्लाने त्वचा व डोळे भाजतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. दुर्लक्ष होते ते त्याच्या विघटनाकडे. साठवणीत त्यापासून हळूहळू कार्बन मोनॉक्साइड व पाणी तयार होते. घट्ट बंद बाटलीत वायूचा दाब वाढून ती फुटू शकते. म्हणून वायू बाहेर सोडणारे झाकण आवश्यक ठरते. संहत सल्फ्युरिक आम्लाच्या संपर्कात हाच विषारी वायू वेगाने निर्माण होतो. आम्लाचा उग्र दर्प सावध तरी करतो, या वायूला गंधच नाही. दोन्ही आम्ले एका कप्प्यात ठेवणे अक्षम्यच. हाताळणी वायुशोषक कपाटात, सुरक्षा-चष्मा व योग्य हातमोजे घालून करावी. अंगावर सांडल्यास कपडे उतरवून किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे व वैद्यकीय उपचार घ्यावेत.