हवेचा कर

साखरशेतास डोक्यावर तेजस्वी दिसणारा तारा क्षितिजाकडे कलतां कलतां मंद कां होतो? त्याचें स्वतःचें तेज कमी होत नाहीं. वाटेंतील हवा प्रकाशावर कर घेते. हवेचे सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून उरलेला तांबूस दिसतो. धूळ व धूर आणखी कांहीं अडवितात.

फ्रेंच शास्त्रज्ञ बूगेर यानें १७२९ सालीं याचा नियम मांडला. समजा, डोक्यावरील ताऱ्याचा तीन-चतुर्थांश प्रकाश आपणांस पोंचतो. तारा क्षितिजापासून ३० अंशांवर आला म्हणजे प्रकाशास दुप्पट हवा ओलांडावी लागते. मग अर्धा उरेल काय? नाहीं, उरलेल्याचा पुन्हां तीन-चतुर्थांश, म्हणजे नऊ-षोडशांश उरतो.

पुणें जिल्ह्यांत गिरवली येथें २००६ सालीं दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली. अशा दुर्बिणींच्या मापांतही हा कर हिशेबांत धरावा लागतो. त्यासाठीं एकच तारा निरनिराळ्या उंचीवर मोजतात. हिशेब चुकला, तर तेजावरून काढलेलें ताऱ्याचें अंतरही चुकतें.

राब भाजण्याच्या दिवसांत आणि पाऊस उघडल्यावर एकच तारा सारख्याच उंचीवर पाहून ताडा. मंद दिसतें तें मंदच असतें, असें नव्हे.